सडा, देवराई आणि घाटवाट: कोकणातल्या गावाने डोंगराचे वर्ष कसे आखावे

कोकणातल्या बहुतेक गावांत डोंगराचे काम जूनमध्ये सुरू होते आणि जूनमध्येच संपते. शाळेची मुले, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि एखादा पाहुणा सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर, जमतात, खड्ड्यांत रोपे लागतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवसापासून सारा गाव लावणीला जुंपला जातो. मार्चमध्ये त्याच सड्यावर वणवा फिरतो तेव्हा त्या रोपांची आठवणही कोणाला राहत नाही. हा लेख दुसऱ्या पद्धतीविषयी आहे. गावातल्या पंधरा-वीस माणसांच्या गटाने शेतीच्या आणि सणांच्या वेळापत्रकाला धरून वर्षातून पाच-सहा वेळा डोंगरावर जायचे, मनसोक्त हिंडायचे आणि त्याच फेरीत त्या-त्या ऋतूचे एक नेमके काम पुरे करायचे, एवढीच ती पद्धत आहे. हिंडणे आणि राखणे ही दोन वेगळी खाती ठेवली की दोन्ही मागे पडतात, असे माझे मत आहे. ज्या वाटेवरून कोणी चालत नाही तिच्याकडेचा आटलेला झरा किंवा ढासळलेली पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) कोणाच्या नजरेलाच येत नाही.

आधी जमीन कोणाची ते पाहावे

देशावर किंवा विदर्भात डोंगर म्हटला की तो वनखात्याचा, असे गृहीत धरता येते. कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, तसे नाही. येथे डोंगराचा मोठा भाग खाजगी मालकीचा असून एकेका सातबाऱ्यावर पंधरा-पंधरा हिस्सेदार असतात, त्यांतले निम्मे मुंबईला आणि काही कोणाच्याच संपर्कात नसलेले. म्हणून पहिली पायरी डोंगरावर चढण्याची नसून तलाठ्याकडे जाण्याची आहे. ज्या भागात काम करायचे त्याचे गट क्रमांक काढावेत, सातबारा उतारे पाहावेत आणि गावच्या नकाशावर खाजगी जमीन, देवस्थानची जमीन, गुरचरण आणि वनखात्याची जमीन वेगवेगळ्या रंगांनी दाखवावी. हा नकाशा पुढे सर्वच कामांना लागतो.

त्यानंतर ग्रामसभेत ठराव घ्यावा. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा यासाठी सोयीच्या आहेत, कारण पहिलीनंतर गणपतीत चाकरमानी येतात आणि दुसरीनंतर पाऊस ओसरून कामाला हात मोकळे होतात. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. पुष्कळ गावांत ही समिती कागदावर असते आणि नोंदवही कपाटात असते. गटातल्या दोन-तीन जणांनी या समितीत शिरून तीच नोंदवही कामाची वही करावी. नवी संस्था काढण्याच्या खटाटोपापेक्षा हे बरे. या कायद्याचा उपयोग किती होऊ शकतो, हे आंबोलीत दिसते. तेथे हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी सापडलेल्या शिस्तुरा हिरण्यकेशी या माशाच्या अधिवासाला २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

वनखात्याच्या जमिनीवर वाट साफ करायची असली तरी वनपालाला लेखी कळवावे. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीला लागून असलेल्या संगमेश्वर-चिपळूणच्या गावांनी तर हद्दीचे दगड प्रत्यक्ष पाहून घ्यावेत, कारण चांदोली आणि कोयनेच्या संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय शिरणे हा गुन्हा ठरतो आणि ‘आमचे आजोबा याच वाटेने पाटणला जायचे’ हे कारण तेथे चालत नाही.

गणपतीतली फेरी: सड्यावर

वर्षातली पहिली फेरी गौरी-विसर्जनानंतरच्या एखाद्या सकाळी ठेवावी. गावात माणसे भरपूर असतात, मुंबईत वाढलेली मुले मोकळी असतात आणि सडा फुललेला असतो. गेंदाची पांढरी बटणे, पाणथळ कातळावर सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा, कवल्याची पिवळी फुले आणि खळग्यांच्या कडेला दवबिंदूची चिकट, तांबूस पाने, हे सारे एका किलोमीटरच्या चालीत दाखवता येते. सीतेची आसवे आणि दवबिंदू या दोन्ही किडे पकडून खाणाऱ्या वनस्पती आहेत, हे कळल्यावर दहा-बारा वर्षांची मुले पुढचा तासभर जमिनीवर ओणवी असतात, त्यांना वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही. दिपकाडी पाहायची असेल तर मात्र पावसाच्या सुरुवातीला, जूनच्या अखेरीस किंवा जुलैत जावे लागते. मुख्यतः कोकणच्या जांभ्या सड्यांवरच वाढणारे हे पांढऱ्या फुलांचे कंद आहेत आणि गणपतीपर्यंत त्यांचा बहर सरलेला असतो.

सड्यावर झाडे लावू नयेत. हे वाक्य वाचून पुष्कळांना धक्का बसेल, पण सडा म्हणजे उजाड झालेले जंगल, हा समज चुकीचा आहे. जांभ्यावर मातीचा थर काही बोटांचाच असतो, चार महिने त्यावर पाणी साचते आणि आठ महिने तो तापतो; या दोन टोकांना तोंड देणाऱ्या वनस्पतीच तेथे असतात आणि त्यांना भरपूर ऊन लागते. तेथे सुरुंगाने किंवा यंत्राने खड्डे फोडून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली की तिच्या सावलीत आणि न कुजणाऱ्या पाल्याखाली ही फुले नाहीशी होतात. शिवाय सच्छिद्र जांभ्यातून मुरलेले पाणीच खाली उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते, म्हणजे गावाच्या विहिरीचे पाणी सड्यावरच जिरत असते. झाडे लावायचीच असतील तर सड्याच्या कडेच्या उतारावर, जेथे माती आहे आणि तोडीने जंगल विरळ झाले आहे तेथे, गावच्याच देवराईतले बी रुजवून लावावीत. कोकम, किंजळ, ऐन आणि बेहडा यांची रोपे त्यासाठी पुरेशी आहेत.

या फेरीचे काम दोन प्रकारचे असते. पहिले म्हणजे सड्यावरचे साचलेले खळगे, त्यांत उगवणारी फुले आणि दिसलेले पक्षी-बेडूक यांची नोंद. एक जण वही धरतो, एक जण मोबाईलवर छायाचित्र आणि जागा घेतो, आणि वाडीतली जुनी माणसे नावे सांगतात. आय-नॅचरलिस्टसारख्या ॲपवर नोंद टाकताना दुर्मीळ कंद आणि आमरी (ऑर्किड) यांची नेमकी जागा झाकून ठेवण्याची सोय वापरावी, अन्यथा ती माहिती उपटणाऱ्यांच्याच उपयोगी पडते. दुसरे काम रानमोडी हे झपाट्याने पसरणारे तण उपटण्याचे. पावसात माती मऊ असताना ती मुळासकट येते आणि हिवाळ्याच्या तोंडावर फुले धरण्यापूर्वी उपटली तर बीही पसरत नाही. नुसती कोयत्याने तोडली तर ती दुप्पट जोमाने फुटते, म्हणून त्या दिवशी कोयते घरीच ठेवावेत.

सड्यावर कातळशिल्पे, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रे, असतील तर जास्त जपावे लागते. रत्नागिरी-राजापूर भागातल्या बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरुण आणि सिंधुदुर्गातल्या कुडोपी येथील शिल्पांचा युनेस्कोच्या तात्पुरत्या वारसा यादीत २०२२ मध्ये समावेश झाला, पण अशी चित्रे अनेक अनाम सड्यांवर आहेत आणि त्यांवरून अजून बैलगाड्या आणि टेम्पो जातात. रेषा ठळक दिसाव्यात म्हणून त्यांत चुना, खडू किंवा रंग भरू नये. पाण्याचा हलका शिडकावा आणि सकाळचे तिरपे ऊन एवढ्याने रेषा उत्तम दिसतात. चित्राभोवती सुटे चिरे एका रांगेत ठेवून पायवाट बाजूने वळवली तरी पुष्कळ साधते; सिमेंटचा कठडा बांधू नये. वाटेवर दिशा दाखवण्यासाठी कातळावर ऑइलपेंटचे बाण मारण्याची खोडही मोडून काढावी.

नोव्हेंबर: बंधारा

भातकापणी आणि झोडणी आटोपली की पऱ्ह्यांचे, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यांचे, पाणी उतरू लागते. वनराई बंधारा याच वेळी घालावा, उशीर झाला तर अडवायला पाणीच राहत नाही. जागा निवडताना पऱ्ह्या अरुंद, दोन्ही काठ उंच आणि वरचा उतार मंद असलेला पट्टा शोधावा, म्हणजे थोड्या पोत्यांत लांबवर पाणी तुंबते. खताची पोती नीट धुऊन, माती किंवा रेती पाऊण भरून, तोंड शिवून घ्यावीत. गच्च भरलेले पोते शेजारच्या पोत्याला बसत नाही आणि फटीतून पाणी जाते. खालचा थर रुंद ठेवून, चिऱ्याच्या भिंतीसारखे सांधे मोडत वर यावे आणि मध्यभागी एक पोत्याएवढी खोल जागा सांडव्यासाठी सोडावी. कडेला सांडवा काढला तर पाणी काठ कुरतडून बंधाऱ्याला वळसा घालते. कंबरेपेक्षा जास्त उंची गाठण्याचा मोह टाळून त्याच पऱ्ह्यावर खाली दुसरा बंधारा घालावा.

एक गोष्ट सर्रास राहून जाते. मे महिन्याच्या अखेरीस ही पोती काढून आणावी लागतात. उन्हाने जीर्ण झालेले प्लास्टिक पहिल्या पुरात फाटून तुकड्या-तुकड्यांनी खाडीत आणि तेथून समुद्रात जाते. ज्या गटाला मेमध्ये पोती काढता येणार नाहीत त्याने दगड, माती आणि डहाळ्यांचा जुना कच्चा बांधच घालावा.

डिसेंबर-जानेवारी: जाळरेषा

वर्षातले सर्वांत महत्त्वाचे काम हे आहे आणि येथेच गटाची खरी परीक्षा होते. कोकणातला वणवा क्वचितच आपोआप लागतो. कोणी नवे गवत फुटावे म्हणून माळ पेटवतो, कोणाची भाजावळ (पेरणीआधी शेत भाजण्याची आग) हातची सुटते, कोणी शिकारीसाठी रान उठवतो, तर कोणी विडीचे थोटूक टाकतो. या आगीत जंगलाबरोबर आंबा-काजूच्या बागा जळतात, आणि गटाला सर्वाधिक पाठबळ मिळते ते याच कारणामुळे. पक्ष्या-प्राण्यांसाठी न येणारा बागायतदार कलमांसाठी येतो. त्याला मोकळेपणाने तसेच सांगावे.

जाळरेषा म्हणजे गवत आणि पाला काढून मोकळा केलेला पट्टा, जेथे येऊन आग थांबते. गुडघ्याएवढ्या गवतात दहा फूट रुंदी पुरते, पुरुषभर उंच गवतात पंधरा ते वीस फूट लागते. पट्टा कोठे घ्यायचा हे नकाशावर ठरवावे: शेजारच्या गावाची हद्द, रस्त्याची कड, डोंगराचा कणा आणि देवराईच्या बाहेरची बाजू या चार जागा प्रथम. जुनी पायवाट किंवा गडगा (रचलेल्या दगडांचे कुंपण) असेल तर त्याला लागूनच पट्टा घ्यावा, म्हणजे निम्मे काम आधीच झालेले असते आणि वाटही मोकळी राहते. गवत पिवळे पडू लागले पण पुरते वाळले नाही, अशा वेळी ते कापावे. गवत कापण्याचे यंत्र असल्यास दोघे जण सकाळभरात बराच पल्ला गाठतात, मात्र कातळात पाते दगडावर आपटून ठिणगी उडते, म्हणून तेथे विळे आणि कोयतेच बरे. कापलेले गवत पट्ट्यात पडू देऊ नये. ते गोठ्यात, किंवा कलमांच्या आळ्यात आच्छादनासाठी न्यावे.

काही ठिकाणी कापलेला पट्टा जाळून साफ करण्याची रीत आहे. ते करायचे असेल तर वनखात्याला आणि ग्रामपंचायतीला आधी कळवून, पहाटे, दव असताना आणि वारा पडलेला असताना करावे. किनाऱ्याजवळच्या गावांत हे वेळेचे गणित काटेकोर पाळावे लागते. रात्री आणि पहाटे मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे हलके वाहतात, पण सकाळ सरता सरता खारे वारे सुटतात आणि दुपारपर्यंत त्यांचा जोर इतका वाढतो की पश्चिमेच्या उतारावरची आग बघता बघता माथ्यावर पोहोचते. नऊनंतर काडी ओढू नये.

एवढे करूनही वणवा लागला, तर गावाने काय करायचे हे आधी ठरलेले असावे. देवळातली घंटा किंवा व्हॉट्सॲपवरचा एक ठरलेला संदेश, वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन, आणि जाणाऱ्यांची यादी. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत; टेरिलीनचा शर्ट अंगाला वितळून चिकटतो. आग नेहमी जळून गेलेल्या बाजूने आणि दोन्ही कडांनी, हिरव्या डहाळ्यांनी झोडपत विझवावी. चढावर आगीच्या पुढे कोणीही उभे राहू नये, कारण आग चढावर माणसापेक्षा वेगाने धावते. परत फिरण्याची वाट माहीत नसलेल्या घळीत उतरू नये आणि मुलांना नेऊ नये. आग विझल्यावरही दोघांनी रात्रभर जळके ओंडके राखावेत.

देवराई

देवराईत गटाने काही करण्यापेक्षा काही न करणे जास्त उपयोगाचे असते. गावकर, मानकरी आणि गुरव यांच्याशी आधी बोलावे. ज्या गावात देवाला कौल लावण्याची पद्धत आहे तेथे तो लावूनच आत जावे, कारण कौलाने मिळालेला नियम ग्रामसभेच्या ठरावापेक्षा जास्त पाळला जातो. आत गेल्यावर पाला झाडू नये, पडलेले खोड हलवू नये, वेली तोडू नयेत. ‘स्वच्छता मोहीम’ या नावाखाली देवराईचा पाला गोळा करून जाळणारे उत्साही गट मी पाहिले आहेत. त्यांनी प्लास्टिकच्या पिशव्या, अगरबत्तीची पुडकी आणि फुटक्या बाटल्या उचलून परत यायला हवे होते. पोकळ झालेले जुने झाड धोकादायक म्हणून पाडण्याची घाईही करू नये. धनेशाची मादी अशाच ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंडी घालते आणि जानेवारी ते मेपर्यंत नर तिला उंबर-वडाची आणि रानजायफळाची फळे आणून चारतो. ढोली सापडल्यास नोंदवहीत लिहावी, दुरून दुर्बिणीतून पाहावी आणि छायाचित्रासाठी झाडाखाली गर्दी होऊ देऊ नये.

मंदिराचा जीर्णोद्धार हा नाजूक विषय आहे. त्यासाठी गावात पैसा जमतो आणि त्याच पैशातून रायीत रस्ता, सभामंडप आणि फरशी येते. गटाने जीर्णोद्धाराला विरोध करून गावात एकटे पडू नये. बांधकाम जुन्या जोत्याच्या बाहेर जाऊ नये आणि गाडी रायीच्या बाहेर थांबावी, एवढ्या दोनच अटींचा आग्रह धरावा.

शिमग्यातली फेरी: घाटवाट आणि पाखाडी

शिमग्याला चाकरमानी पुन्हा येतात. पालखी घरोघर फिरून झाली की एक दिवस मोठ्या चालीचा ठेवावा: खेडच्या बाजूला रसाळगड, देवरुखच्या बाजूला महिमतगड, किंवा गावातून वर जाणारी जुनी घाटवाट. सूर्योदयाला निघून ऊन चढण्यापूर्वी खाली यावे आणि माणशी तीन लिटर पाणी न्यावे. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला, सर्वांत मागे तितकाच जाणता दुसरा, आणि त्यांच्यामध्ये वीसपेक्षा जास्त माणसे नकोत.

वाट दुरुस्त करताना पाणी कोठून येते ते प्रथम पाहावे, कारण वाटेची नासाडी पायांपेक्षा पाण्याने होते. चढाच्या वाटेवर ठरावीक अंतरावर लांबट चिरे तिरपे आडवे रोवले की पाणी वाटेबाहेर दरीच्या बाजूला निघून जाते. पाखाडीच्या निखळलेल्या पायऱ्या बसवताना चिरा आतल्या बाजूला किंचित कलता आणि निम्म्याहून अधिक वरच्या पायरीखाली दबलेला असावा. दगड उचलताना फुरसे या विषारी सापाचे भान ठेवावे. जांभ्याच्या फटी हे त्याचे आवडते ठिकाण असून रंगाने ते मातीत मिसळून जाते. हात न घालता पहारीने दगडाची पलीकडची कड उचलून तो आपल्याकडे कलता करावा, म्हणजे खाली काही असले तरी आड दगड राहतो.

साप चावल्यास माणसाला चालवू नये, चावलेला अवयव फळीने बांधून स्थिर ठेवावा, जखमेला काप देऊ नये, आवळपट्टी बांधू नये, आणि १०८ ची रुग्णवाहिका येईल त्या रस्त्यापर्यंत उचलून न्यावे. प्रतिसर्प लस असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. लाल विंचवाचा दंशही हलका समजू नये. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या आणि थंड हातपाय ही लक्षणे दिसली तर रुग्णालयात नेण्यास उशीर करू नये; महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून वेळेत पोहोचलेले रुग्ण मोठ्या प्रमाणावर वाचतात. दोडामार्ग आणि सावंतवाडी भागात २०१६ पासून माकडताप आढळला आहे. तेथे जानेवारी ते मे या काळात रानात जाताना अंग पूर्ण झाकावे, आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीडरोधक तेल लावावे, परतल्यावर अंगावर गोचिडी तपासाव्यात आणि मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य विभागाला कळवावे.

जुलै-ऑगस्टमध्ये घाटवाटा बंद ठेवाव्यात. २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इरशाळवाडी येथे डोंगर खाली आला तो याच दिवसांत. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर फेरी रद्द करण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा आणि त्याच्याशी वाद घालू नये. जमिनीला नव्या भेगा, तिरकी झालेली झाडे किंवा अचानक गढूळ झालेला झरा दिसला तर तलाठ्याला त्याच दिवशी कळवावे.

पाहुणे आणि पैसा

दोन-तीन वर्षे असे काम चालले की बाहेरून माणसे येऊ लागतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये सागरी कासवांचे काम सुरू केले. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणारे लोक गावातल्याच घरांत राहू-जेवू लागले, त्यामुळे कासव राखण्यात घराघराचा हिशेब गुंतला. डोंगराकडच्या गावांनी तेथून हॉटेल न बांधता चुलीवरचे जेवण आणि माजघरातली झोपण्याची सोय उचलावी. वाटाड्याचे मानधन, जेवणाचे पैसे आणि गटाच्या खात्यात जाणारा वाटा हे तीन आकडे वेगळे लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. पाहुणे कोणाच्या घरी उतरले याची पाळी ठरलेली असावी, कारण कोकणातले गट वणव्याने मोडत नाहीत, भावकीच्या संशयाने मोडतात. गटाच्या वाट्यातून पहिला खर्च विळे, पहारी, पाण्याचे कॅन आणि प्रथमोपचाराच्या पेटीवर करावा. एकसारखे टी-शर्ट नंतर घेतले तरी चालतात.

मे महिन्यात, पोती काढण्याच्या दिवशीच, नोंदवही उघडून बसावे. कोणता झरा कोणत्या आठवड्यात आटला, वणवा कोणत्या बाजूने शिरला आणि कोठे थांबला, जाळरेषेचा कोणता भाग कापायचा राहिला होता, हे त्या वेळी आठवते, जूनमध्ये आठवत नाही. पुढच्या वर्षीची जाळरेषा त्याच बैठकीत नकाशावर आखून, तिचे तुकडे वाडीवार वाटून, वाडीप्रमुखांच्या सह्या घ्याव्यात आणि त्याची प्रत गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळाला पाठवावी, म्हणजे गणपतीला गाडीचे आरक्षण करतानाच कोणाला सड्यावरच्या फेरीसाठी एक दिवस जास्त थांबायचे आहे, ते ठरवता येते.